घरच्या लॅपटॉपवरचे ‘व्हायरस सापडला’ इशारे: कोणता खरा, कोणता खोटा, आणि तपासणी कशी करायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी विंडोज १० चा लॅपटॉप आहे, तो जास्त करून निवृत्त वडील वापरतात. उजव्या कोपऱ्यात सारखं ‘तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले’ असं येतं. एकदा पूर्ण स्क्रीन भरून इशारा आला, सायरन वाजला आणि मायक्रोसॉफ्टच्या नावाने एक फोन नंबर दिसला. विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षेत ‘हॅकटूल ऑटोकेएमएस’ आणि ‘ट्रोजन वाकाटॅक’ अशी दोन नावं दिसतात, काढली तरी परत येतात. दुकानदार म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. आता विश्वास कोणावर ठेवायचा?

हे तीन इशारे तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून येतायत. कोपऱ्यातला ब्राउझरमार्फत येतोय, सायरनवाला एक साधं वेबपान होतं, आणि तिसरा खरोखर विंडोजचा आहे. तिन्ही एकाच पोत्यात घातले की ‘लॅपटॉपला व्हायरस लागलाय’ एवढंच वाक्य उरतं आणि त्यावर दुकानात एकच औषध मिळतं. इशाऱ्यात काय लिहिलंय ते मी नंतर वाचतो. आधी बघतो की तो दाखवला कोणी.

सायरनपासून सुरुवात करू, कारण भीती त्याचीच जास्त वाटते. ब्राउझरमध्ये उघडलेलं पान तुमच्या डिस्कवरच्या फायली स्वतःहून तपासू शकत नाही. त्यावर धावणारी ‘स्कॅनिंग’ची पट्टी म्हणजे नुसतं चित्र असतं. तुमचं शहर आणि आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) दिसला म्हणून घाबरू नका; तेवढी माहिती तुम्ही उघडलेल्या कुठल्याही साइटला मिळते. आणि एक खूण कायमची पाठ करून ठेवा: मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीही नसतो. नंबर दिसला की विषय संपला.

असं पान बंद होत नाही अशी तक्रार असते, कारण ते पूर्ण स्क्रीन व्यापतं आणि माउसचा बाणही लपवतं. एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, पूर्ण स्क्रीन सुटतो. नाहीच सुटला तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर निवडून ‘एंड टास्क’ करा. तेही जमलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप सरळ बंद करा, अशा वेळी त्याने काही बिघडत नाही. पुन्हा ब्राउझर उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का’ असं विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच पान पुन्हा समोर येईल. एवढं झालं आणि कोणी नंबर फिरवला नसेल, काही डाउनलोड करून चालवलं नसेल, तर सायरनचा विषय तिथेच मिटला. त्यासाठी स्कॅनसुद्धा लागत नाही. मनाच्या समाधानासाठी केलात तर हरकत नाही.

कोपऱ्यातले इशारे हा त्याहून चिवट प्रकार, पण उपाय सोपा. वडील कुठल्यातरी साइटवर गेले, क्रिकेटचा सामना फुकट दाखवणारी असेल नाहीतर पीडीएफ उतरवायची असेल. तिथे ‘तुम्ही रोबो नाही हे दाखवण्यासाठी अलाउ दाबा’ असं आलं आणि त्यांनी दाबलं. त्या एका क्लिकने त्या साइटला सूचना पाठवायची परवानगी मिळाली. तेव्हापासून ती साइट बंद असली तरी कोपऱ्यात चौकोन येतात. त्यावर एखाद्या नामांकित अँटिव्हायरसचं चिन्ह असतं, ‘मुदत संपली’ असं लिहिलेलं असतं, आणि क्लिक केलं की पैसे भरायचं पान उघडतं.

पुढच्या वेळी चौकोन आला की मजकूर सोडा आणि त्याच्यावरची किंवा तळाची बारीक अक्षरं बघा. तिथे क्रोम किंवा एजचं नाव आणि एखादा विचित्र वेबपत्ता दिसेल. विंडोजच्या स्वतःच्या इशाऱ्यावर ‘विंडोज सिक्युरिटी’ असं नाव असतं, वेबपत्ता नसतो. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स असं जा. परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. बँक, ईमेल असं ओळखीचं सोडून बाकी सगळं काढून टाका आणि वरचा पर्याय ‘साइट्सनी सूचनांसाठी विचारूच नये’ असा करून ठेवा. एजमध्येही अशीच यादी असते. घरगुती संगणकांवरच्या ‘व्हायरस’च्या तक्रारी मी बघतो त्यातल्या बऱ्याचशा इथेच संपतात, आणि दुकानात याचेच फॉरमॅटचे पैसे लागतात.

तिथेच असताना एक्स्टेंशन्सची, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या साधनांची यादीही बघा. कूपन शोधणारं, पीडीएफ बदलणारं, ‘सर्च’ नावाचं काहीतरी, कोणी टाकलं ते आठवत नसेल तर काढा. क्रोमच्या मेनूच्या तळाशी ‘युवर ब्राउझर इज मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ असं दिसतंय का? ऑफिसच्या लॅपटॉपवर ते साहजिक आहे. घरच्या लॅपटॉपवर ते दिसलं तर एखादा प्रोग्राम ब्राउझरवर स्वतःचे नियम लादतोय असं समजा. काही अँटिव्हायरसही हे करतात, तेव्हा लगेच निष्कर्ष काढू नका, पण त्याचा शोध घ्या.

आता खरा भाग. विंडोज सिक्युरिटी कधीही चौकोनावर क्लिक करून उघडू नका. स्टार्ट मेनूत नाव टाइप करून स्वतः उघडा. तिथे ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ आहे. प्रत्येक नोंदीत बघायच्या गोष्टी दोन: नाव, आणि ‘अफेक्टेड आयटम्स’खाली दिलेला फाइलचा पत्ता. लोक नावाला घाबरतात. माझ्या मते पत्ता जास्त बोलका असतो.

ऑटोकेएमएस म्हणजे विंडोज किंवा ऑफिस फुकट चालू करणारा क्रॅक. आपल्याकडे हे नाव इतक्या घरांत सापडतं त्याचं कारण उघड आहे: कुणीतरी कधीतरी ‘विंडोज टाकून’ दिलं. हॅकटूल या वर्गाचा अर्थ असा की ते पासवर्ड चोरतंच असं नाही, पण ते कुठून आलं आणि त्याच्यासोबत आणखी काय आलं हे कोणी सांगू शकत नाही. ते परत येण्यामागे बहुधा शेड्यूल केलेलं काम असतं. क्रॅक दर काही दिवसांनी स्वतःला पुन्हा चालवतो, डिफेंडर (विंडोजमधलाच अँटिव्हायरस) पुन्हा पकडतो आणि तुम्हाला वाटतं की व्हायरस मरत नाही. टास्क शेड्यूलर उघडून त्यात केएमएस किंवा तत्सम नावाचं काम दिसलं तर ते काढा.

आणि हे तर बघाच: ‘मॅनेज सेटिंग्ज’मध्ये खाली तळाकडे ‘एक्सक्लूजन्स’ असतं. क्रॅक चालावा म्हणून टाकणारा माणूस डिफेंडरला सांगून ठेवतो की अमुक फोल्डर तपासू नकोस. मी अख्खा सी ड्राइव्ह तिथे टाकलेला पाहिला आहे. असा लॅपटॉप ‘कोणताही धोका नाही’ असं हिरवं चिन्ह दाखवत वर्षानुवर्षं चालतो आणि घरचे निर्धास्त असतात. यादी रिकामी करा. ‘अलाउड थ्रेट्स’ ही मुद्दाम चालू दिलेल्या धोक्यांची यादीही रिकामी असली पाहिजे. स्कॅनच्या आधी हे केलं नाही, तर स्कॅनला काहीच अर्थ नाही.

वाकाटॅकचं प्रकरण वेगळं आहे. ट्रोजन म्हणजे साध्या प्रोग्रामच्या वेषात शिरणारा घातक प्रोग्राम. नावाच्या शेवटी उद्गारचिन्ह आणि एम-एल ही दोन अक्षरं आहेत का बघा. असतील तर ही ओळख मशीन लर्निंगने केलेली आहे. म्हणजे फाइल नेमकी ओळखीची नाही, पण तिची ठेवण संशयास्पद वाटली. ही ओळख पुष्कळदा बरोबर ठरते, आणि पुष्कळदा एखाद्या छोट्या, निरुपद्रवी प्रोग्रामवरही अशीच बोंब होते. इथे पत्ता उपयोगी पडतो. फाइल डाउनलोड्समधल्या एखाद्या झिपमध्ये नुसती पडून असेल, तर ती बहुधा कधी चाललेलीच नाही. डिलीट करा आणि कचरापेटीही रिकामी करा. झिप किंवा जुन्या बॅकअपच्या आतली फाइल डिफेंडरला नेहमी स्वच्छ काढता येत नाही, म्हणून तेच नाव दर स्कॅनला परत दिसतं. पत्ता ‘अॅपडेटा’च्या (प्रोग्रामांची माहिती ठेवणाऱ्या लपलेल्या फोल्डरच्या) आत असेल, फाइलचं नाव उगाच जुळवलेल्या अक्षरांचं असेल, तर मात्र ती चाललेली असण्याची शक्यता गंभीरपणे घ्या.

फाइलबद्दलचा इशारा खरा की खोटा हे ठरवायला व्हायरसटोटल ही वेबसाइट आहे. स्पेनमधल्या मालागा शहरात २००४ मध्ये सुरू झालेली ही सेवा २०१२ मध्ये गूगलने घेतली. एकच फाइल कितीतरी अँटिव्हायरसांकडून एकदम तपासून मिळते. एक-दोन अनोळखी नावांनीच बोट दाखवलं तर ते बहुधा चुकीचं असतं. मायक्रोसॉफ्ट, कॅस्परस्की, ईसेट, बिटडिफेंडर असे सगळे एकमताने ओरडत असतील तर वाद घालू नका. शून्य आलं म्हणून निश्चिंतही होऊ नका, कालच बनलेली फाइल आज कोणालाच माहीत नसते. आणि पॅन, आधार, बँकेचं स्टेटमेंट असलं काही तिथे चढवू नका. चढवलेली फाइल सुरक्षा कंपन्यांना बघता येते.

मग स्कॅन. मी क्विक स्कॅनवर थांबत नाही. ‘स्कॅन ऑप्शन्स’मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ आहे, तो निवडा. लॅपटॉप पुन्हा सुरू होतो आणि विंडोज नेहमीसारखं चढण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे चालू असताना लपून बसणारी गोष्ट तिथे पकडली जाऊ शकते. साधारण पंधरा मिनिटं लागतात. आधी उघड्या फायली सेव्ह करा आणि चार्जर लावा. त्यानंतर रात्री फुल स्कॅन लावून झोपा. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर तो बरेच तास चालतो, अडकला असं समजून मध्येच बंद करू नका.

दुसरं मत म्हणून मायक्रोसॉफ्टचाच सेफ्टी स्कॅनर वापरता येतो. तो इन्स्टॉल करावा लागत नाही आणि डाउनलोड केल्यापासून १० दिवसांनी निकामी होतो, त्यामुळे दरवेळी नवीन उतरवावा लागतो. मालवेअरबाइट्सचं मोफत रूपही चांगलं आहे. नको असलेल्या टूलबार-जाहिरातींसाठी मी तेच वापरतो. ही साधनं कंपनीच्या मूळ साइटवरूनच घ्या. शोधात सगळ्यात वर ‘स्पॉन्सर्ड’ लिहून आलेल्या दुव्यावरून अजिबात नको, तिथे हुबेहूब नकली साइट्स भेटतात.

पूर्ण वेळ चालणारा अँटिव्हायरस मात्र एकच ठेवा. बऱ्याच मराठी घरांत पुण्याच्या क्विक हीलचं नाव विश्वासाचं आहे आणि तो घेतलेला असेल तर खुशाल चालू ठेवा. तो टाकला की डिफेंडर आपोआप बाजूला होतो, हे बिघाडाचं लक्षण नव्हे. गोंधळ होतो तो मुदत संपल्यावर. नव्या लॅपटॉपसोबत आलेला एखादा अँटिव्हायरस मुदत संपल्यावरही तसाच बसून राहतो आणि रोज पैसे मागतो. हे इशारे खरे असतात, पण ते विक्रीचे असतात. नूतनीकरण करायचं नसेल तर तो नीट अनइन्स्टॉल करा, मग विंडोज सिक्युरिटीत डिफेंडर चालू झालाय ना ते स्वतः पाहा.

विंडोजचा एक आणि ब्राउझरचा एक, असे आणखी दोन इशारे लोक व्हायरस समजतात. नवा प्रोग्राम चालवताना निळ्या खिडकीत ‘विंडोज प्रोटेक्टेड युवर पीसी’ येतं, ते विंडोजच्याच स्मार्टस्क्रीन या तपासणीचं. त्याचा अर्थ, ही फाइल फारशी कोणी उतरवलेली नाही, बनवणारा ओळखीचा नाही. दुसरं, ब्राउझरमध्ये ‘युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’. जुन्या डेस्कटॉपवर सगळ्याच साइट्सना हे येत असेल तर आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की प्रत्येक वेळी तारीख काही वर्षं मागे जाते आणि साइट्सची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. सीआर २०३२ क्रमांकाचा तो सेल बदलला की ‘व्हायरस’ जातो. पण तारीख बरोबर असताना एकट्या बँकेच्या साइटलाच हे आलं तर पुढे जाऊ नका.

आता वडिलांशी बोला. रागावून विचारलं तर खरं उत्तर मिळणार नाही. ‘त्या दिवशी काय काय दाबलं ते दाखवा’ एवढंच म्हणा. मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या असतात.

पहिली: कोणाला लॅपटॉप दाखवला का? नंबरवर फोन केला तर समोरचा एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असं, दुरून तुमचा संगणक चालवू देणारं काही उतरवायला लावतो. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही उघडून लाल चिन्हं दाखवतो. ती धडधाकट संगणकातही शेकड्यांनी असतात. किंवा काळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करवून ८८८ ने सुरू होणारा लांब क्रमांक वाचून दाखवतो आणि म्हणतो, हा फक्त तुमच्या संगणकाचा ओळख क्रमांक. तो जगातल्या जवळपास प्रत्येक विंडोजवर तोच असतो. हे धंदे परदेशातून चालतात असं मानू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’मध्ये आपल्याच देशातल्या असल्या कॉल सेंटरांवर छापे घातले होते, मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉनच्या तक्रारींवरून. ही साधनं ‘इन्स्टॉल्ड अॅप्स’मध्ये दिसली आणि घरच्या कोणी टाकलेली नसतील, तर लगेच वायफाय बंद करा. पैसे गेले असतील तर स्कॅन वगैरे नंतर. आधी बँक आणि १९३० ही हेल्पलाइन. रक्कम पुढच्या खात्यांतून फिरायच्या आत गोठवता येते, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवा.

दुसरी: ‘मी रोबो नाही’ म्हणून विंडोजचं बटण आणि आर, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर असं दाबायला कोणी सांगितलं होतं का? हा अलीकडचा आणि माझ्या मते घरगुती वापरात सगळ्यात घातक प्रकार. पानाने गुपचूप क्लिपबोर्डवर (कॉपी केलेलं जिथे राहतं तिथे) एक आज्ञा ठेवलेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या हाताने चालवता. त्यातून येतो पासवर्ड चोरणारा प्रोग्राम, लुमा नावाचा त्यातला कुप्रसिद्ध. तो ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिनच्या कुकीज (ज्यांच्या जोरावर पासवर्ड न विचारता खातं उघडतं) काही क्षणांत उचलून पाठवतो, आणि पुष्कळदा मागे काही ठेवतही नाही. म्हणून नंतरचा स्वच्छ स्कॅन इथे दिलासा देत नाही.

उत्तर हो असेल, किंवा अॅपडेटामधली ती फाइल खरंच घातक ठरली असेल, तर पासवर्ड बदला, पण या लॅपटॉपवरून नव्हे, तुमच्या फोनवरून. सगळ्यात आधी ईमेल, कारण बाकीच्या सगळ्या किल्ल्या तिथूनच मिळतात. नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. गूगल खात्यात जाऊन हा लॅपटॉप आणि अनोळखी उपकरणं साइन आउट करा, चोरलेली कुकी त्यानेच निकामी होते. मग नेटबँकिंग. व्हॉट्सअॅप त्या लॅपटॉपवर उघडत असतील तर फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून ते काढा.

अशा वेळी मीही नव्याने विंडोज टाकायलाच सांगतो. तुमच्या बाबतीत ऑटोकेएमएस आहे, म्हणजे विंडोजच कोणीतरी फोडलेलं असू शकतं, तेव्हा दुकानदाराचा सल्ला चूक नाही. तो कशासाठी आणि कसं करणार, हे विचारा. त्याने पुन्हा तोच क्रॅक टाकला तर तुम्ही पैसे देऊन जिथल्या तिथे. ब्रँडेड लॅपटॉप विंडोजसह घेतला असेल तर परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरचं मीडिया क्रिएशन टूल आणि कमीत कमी ८ जीबीचा पेनड्राइव्ह घेऊन, मूळ जो प्रकार होता (होम किंवा प्रो) तोच टाकला की इंटरनेट लागताच विंडोज आपोआप अॅक्टिव्हेट होतं. प्रॉडक्ट की लागत नाही, क्रॅक तर नाहीच. दुकानात पुष्कळदा सरसकट ‘प्रो’ टाकतात आणि मग क्रॅकची गरज निर्माण होते. पेनड्राइव्ह दुसऱ्या, स्वच्छ संगणकावर तयार करा.

त्याआधी फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर घ्या, प्रोग्राम आणि सेटअपच्या फायली घेऊ नका. फायलींची शेवटची नावं दिसतील अशी सोय एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये चालू करा, म्हणजे चित्राच्या वेषातली ईएक्सई, म्हणजे प्रोग्रामची फाइल ओळखू येईल. झेरॉक्सच्या दुकानात फिरून आलेल्या पेनड्राइव्हवर फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात, त्यावर क्लिक करू नका. मूळ फोल्डर तिथेच लपवलेले असतात, फॉरमॅट करायची घाई नको. आणि डी ड्राइव्हवर तो जुना सेटअपचा झिप तसाच ठेवून फक्त सी साफ केलात, तर पुढच्या महिन्यात तेच नाव पुन्हा दिसेल.

नवं विंडोज टाकल्यावर वडिलांसाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचं वेगळं खातं करा आणि अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे ठेवा. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक्स्टेंशन टाका. फायरफॉक्सवर यूब्लॉक ओरिजिन पूर्ण रूपात चालतं, क्रोमवर त्याचं लाइट रूप. सायरनवाली पानं बहुतेक जाहिरातींतूनच येतात, त्यामुळे याचा फरक लगेच दिसतो.

राहिलं विंडोज १०. त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप विंडोज ११ घेत असेल तर आत्ता तेच टाका, दोनदा मेहनत नको. घेत नसेल तर सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटमध्ये वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला तर ती मोफत होते आणि १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालते. डिफेंडरला नव्या व्हायरसांची ओळख त्यानंतरही मिळत राहील, पण विंडोजमधली नवी भोकं तेव्हा कोणी बुजवणार नाही, म्हणून त्या तारखेनंतर त्या लॅपटॉपवर नेटबँकिंग करू नका.